लिनक्समधलं पेजिंग आणि स्वॅप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सची मेमरी, पेजिंग (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे करून ती सांभाळणं) आणि स्वॅप (रॅममधला डेटा बाहेर काढून ठेवायची जागा, सहसा डिस्कवरची) यांवर जे प्रश्न सारखे येत राहतात ते इथे एका जागी आणलेत. सुरुवातीचे प्रश्न कॉलेजात ओएस शिकणाऱ्यांचे आहेत, मधले लॅपटॉप आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे, शेवटचे जरा अडनिडे. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल, जिथे विषय दुसरीकडे सविस्तर आलाय तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय. घाई असेल तर निदान ७, ९ आणि १० एवढे तरी वाचाच, कारण स्वॅपबद्दलची बहुतेक भीती त्या तीन उत्तरांत मिटते.

१. व्हर्च्युअल मेमरी म्हणजे रॅम अधिक हार्ड डिस्क, असंच ना?

नाही. डिस्क वापरून रॅम मोठी भासवणं हा तिचा एक उपयोग झाला, व्याख्या नाही. मूळ गोष्ट अशी की कुठलाच साधा प्रोग्रॅम रॅमच्या खऱ्या पत्त्याला थेट हात लावत नाही. प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) स्वतंत्र पत्त्यांचा अख्खा पट्टा देतो आणि प्रोसेसरमधलं एमएमयू नावाचं हार्डवेअर दर वेळी त्या पत्त्यावरून रॅममधली खरी जागा शोधतं. म्हणून दोन प्रोग्रॅम एकाच वेळी एकच पत्ता वापरतात आणि तरी एकाचा डेटा दुसऱ्याला दिसत नाही, आणि सी लायब्ररीची रॅममधली एकच प्रत शेकडो प्रोसेसना पुरते. स्वॅप पूर्ण बंद केलं तरी हे सगळं जसंच्या तसं चालू राहतं.

कल्पना बरीच जुनी आहे. मँचेस्टरमध्ये टॉम किलबर्न यांच्या टीमने बनवलेलं ॲटलस मशीन १९६२ मध्ये सुरू झालं, त्यात लहान कोअर मेमरी आणि तिच्यापेक्षा मोठा मॅग्नेटिक ड्रम होता, आणि प्रोग्रॅमरला हे दोन्ही मिळून एकच सलग मेमरी दिसायची. ५१२ शब्दांचं एकेक पेज लागेल तसं ड्रमवरून आत यायचं आणि परत जायचं. त्याआधी ही ने-आण प्रोग्रॅमरला स्वतः कोडमध्ये लिहायला लागायची.

२. पेज, फ्रेम आणि पेज टेबल यांत सारखा गोंधळ होतो, एकदा नीट सांगा ना?

पेज हा व्हर्च्युअल पत्त्यांचा ठरावीक आकाराचा तुकडा, फ्रेम हा तेवढ्याच आकाराचा खऱ्या रॅमचा तुकडा, आणि कुठलं पेज सध्या कुठल्या फ्रेममध्ये आहे याची नोंद पेज टेबलात असते. इंटेल आणि एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरवर साधं पेज ४ केबीचं म्हणजे ४०९६ बाइटचं असतं. सगळीकडे ४ केबीच असतं असं मात्र नाही, ॲपलच्या एम सिरीजवर मॅकओएस १६ केबीची पेजेस वापरतं आणि अँड्रॉइड १५ पासून १६ केबीचा सपोर्ट आलाय.

आता गणित बघा, इथे खरी मजा आहे. ४८ बिटचा पत्ता घ्या. शेवटचे १२ बिट पेजच्या आतली जागा सांगतात, कारण २ चा १२वा घात म्हणजे ४०९६. उरले ३६ बिट. या ३६ बिटांसाठी एकच सपाट टेबल केलं असतं आणि प्रत्येक नोंद ८ बाइटची धरली तर एकेका प्रोसेसचं टेबलच ५१२ जीबीचं झालं असतं! म्हणून त्या ३६ बिटांचे ९-९ चे चार भाग करतात आणि टेबलांच्या चार पायऱ्या ठेवतात, प्रत्येक टेबलात ५१२ नोंदी, म्हणजे ५१२ गुणिले ८ बरोबर ४०९६ बाइट, टेबलसुद्धा बरोब्बर एका पेजात बसतं. प्रोसेसने जो भाग वापरलाच नाही त्याची खालची टेबलं तयारच होत नाहीत, त्यामुळे एरवी छोट्या प्रोसेसला मोजकी टेबलं पुरतात. ४८ बिटांत २५६ टीबी पत्ते बसतात, ते कमी पडतील अशा मशीनसाठी पाचवी पायरीही आहे, तिने पत्ता ५७ बिटांचा होतो.

३. दर वेळी चार टेबलं चाळायची म्हणजे सगळं पाचपट स्लो व्हायला पाहिजे, होत का नाही?

टीएलबीमुळे. प्रोसेसरच्या आतच एक छोटा कॅश असतो, त्यात नुकतीच शोधलेली पेज-फ्रेम जोडी साठवलेली असते, आणि प्रोग्रॅम बहुतेक वेळा त्याच त्या पेजेसमध्ये फिरत असल्यामुळे उत्तर तिथेच मिळतं. नाही मिळालं तरच टेबलं चाळायची. डेटा खूप मोठा आणि विखुरलेला असेल, उदाहरणार्थ मोठा डेटाबेस, तर टीएलबी पुरत नाही, तिथे २ एमबी किंवा १ जीबीची ह्यूज पेजेस उपयोगी पडतात कारण एकाच नोंदीत ४ केबीऐवजी २ एमबी कव्हर होतं.

४. पेज फॉल्ट म्हणजे एरर आहे का? माझ्या प्रोसेसला लाखो पेज फॉल्ट दिसताहेत.

घाबरू नका, नाव भयंकर आहे पण बहुतेक पेज फॉल्ट हा रोजचा व्यवहार असतो. प्रोसेसरला टेबलात पेजची वापरण्याजोगी नोंद सापडली नाही की तो कर्नलला हाक मारतो, एवढंच. पुढे तीन शक्यता. पेज रॅममध्ये आधीच आहे किंवा नुसती कोरी फ्रेम द्यायची आहे, तर डिस्कला हात न लावता काम होतं, हा मायनर फॉल्ट. पेज डिस्कवरून आणायला लागलं तर मेजर फॉल्ट. आणि तो पत्ता त्या प्रोसेसचा नाहीच, किंवा फक्त वाचायच्या जागी ती लिहायला गेली, तर सेगमेंटेशन फॉल्ट येऊन प्रोसेस मरते.

लाखो मायनर फॉल्ट असले तरी सहसा काळजी नको. मेजरचा आकडा बघा. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागत असतील तर चांगल्या एनव्हीएमई एसएसडीला त्याच्या हजारपट आणि फिरत्या हार्ड डिस्कला लाखपट वेळ लागतो, त्यामुळे थोडे मेजर फॉल्टसुद्धा जाणवतात.

५. माझ्याकडे ८ जीबी रॅम आहे, प्रोग्रॅमने मालॉकने १० जीबी मागितले आणि मिळाले पण! कसं शक्य आहे?

मिळाले ते फक्त पत्ते. लिनक्स मालॉकच्या (प्रोग्रॅमने मेमरी मागायच्या फंक्शनच्या) वेळी रॅम देत नाही, तुम्ही एखाद्या पेजवर पहिल्यांदा लिहिता तेव्हा मायनर फॉल्ट होतो आणि तेव्हाच त्याला फ्रेम मिळते. बरेच प्रोग्रॅम मागतात त्याच्या निम्मंही वापरत नाहीत, त्यावर विसंबून कर्नल जवळ असलेल्यापेक्षा जास्त कबूल करतो, ह्याला ओव्हरकमिट म्हणतात. फोर्कचंही (एका प्रोसेसमधून तिचीच प्रत असलेली नवी प्रोसेस काढणं) तसंच आहे, बापाची सगळी पेजेस पोराला नुसती दाखवली जातात आणि दोघांपैकी कोणी लिहिलं की मगच त्या एका पेजची कॉपी होते.

ओव्हरकमिट मेमरी नावाच्या सेटिंगला तीन किमती आहेत. ० हा डिफॉल्ट, त्यात उघडउघड अशक्य मागणी तेवढी नाकारली जाते, म्हणजे तुमच्या मशीनवर १० मिळाले तरी एकदम ५० मागितले तर नाही मिळणार. १ म्हणजे काहीही मागा. २ म्हणजे काटेकोर हिशोब, मर्यादा बरोबर सगळं स्वॅप अधिक रॅमचे ठरावीक टक्के, डिफॉल्ट ५०. म्हणजे १६ जीबी रॅम आणि ४ जीबी स्वॅप असेल तर १२ जीबीला मालॉक नाही म्हणायला लागतं, निम्मी रॅम रिकामी असली तरी. हे माहीत नसताना २ लावू नका. कबूल केलेलं खरोखरच सगळ्यांनी एकदम वापरलं तर काय होतं ते प्रश्न १६ मध्ये आहे.

६. रॅम भरत आली की कर्नल नक्की काय करतो?

कर्नल रॅमचे काही मोठे भाग पाडतो, त्यांना झोन म्हणतात, आणि प्रत्येक झोनला तीन खुणा असतात, मिन, लो आणि हाय. रिकामी रॅम लोच्या खाली गेली की केस्वॅपडी हा कर्नल थ्रेड जागा होतो आणि हायपर्यंत जागा मोकळी होईपर्यंत पाठीमागे शांतपणे साफसफाई करत राहतो, तुम्हाला कळतसुद्धा नाही. पण मागणीचा वेग त्याच्यापेक्षा जास्त असेल आणि मिनची खूण गाठली तर मग मेमरी मागणाऱ्या प्रोसेसलाच थांबवून तिच्याकडूनच साफसफाई करून घेतली जाते, हा डायरेक्ट रिक्लेम. माउस अडखळतो, टाइप केलेलं उशिरा उमटतं, त्यामागे बरेचदा हेच असतं.

साफसफाई कशाची करायची तर दोन प्रकारच्या पेजेसची. एक फाइलवाली, म्हणजे डिस्कवरच्या फाइलची रॅममधली प्रत, त्यात प्रोग्रॅमचा स्वतःचा कोड आणि लायब्ररीपण आल्या. ही बदललेली नसली तर नुसती फेकता येतात, लागली की परत वाचायची. दुसरी अनॉनिमस, म्हणजे मालॉकने घेतलेली जागा, स्टॅक, ब्राउझरच्या टॅबमधला डेटा. यांची डिस्कवर कुठेही प्रत नसते, त्यामुळे ती फेकली तर डेटा गेला. त्यांना बाहेर काढायचं तर आधी कुठेतरी लिहून ठेवायला लागतं, आणि ती जागा म्हणजे स्वॅप. हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळं सोपं आहे.

७. भरपूर रॅम आहे, मग स्वॅप काढूनच टाकलं तर काय बिघडतं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आणि ह्यावर माझं मत ठाम आहे, काढू नका. स्वॅप काढलं की डिस्कवर जाणं थांबेल असं वाटतं, पण थांबत नाही, फक्त कुठली पेजेस बाहेर जाणार ते बदलतं.

वरचा प्रश्न ६ आठवा. स्वॅप नसेल तर अनॉनिमस पेजेस रॅममध्ये कायमची अडकली, सकाळी एकदा उघडून विसरलेल्या टॅबचा डेटासुद्धा तिथेच बसून राहणार. मग रॅम कमी पडली की कर्नलकडे एकच रस्ता उरतो, फाइलवाली पेजेस फेकणं. आणि त्यात आत्ता चालू असलेल्या प्रोग्रॅमचा कोडही असतो! म्हणजे ब्राउझरचा कोड फेकला, पुढच्याच क्षणाला ब्राउझरला तो लागला, मेजर फॉल्ट, परत वाचला, तोपर्यंत डेस्कटॉपचा कोड फेकला, तो परत वाचला... डिस्कचा दिवा सतत पेटलेला आणि स्वॅप तर शून्य, लोक बुचकळ्यात पडतात की हे चाललंय काय. ह्यालाच थ्रॅशिंग म्हणतात आणि स्वॅप नसताना ते आरामात होतं.

स्वॅप असलं की कर्नलला दोन्हींतून निवडता येतं, आणि तासन्‌तास कोणी न वापरलेलं पेज बाहेर टाकून आत्ता लागणारा कोड आत ठेवता येतो. स्वॅपचं काम हे आहे. रॅम संपल्यावर वापरायची सावकाश रॅम म्हणून त्याच्याकडे बघितलं की सगळे चुकीचे निष्कर्ष निघतात. तुमचा खरा वापर रॅमपेक्षा जास्त असेल तर स्वॅप तुम्हाला वाचवणार नाही, तिथे रॅमच वाढवायला हवी.

८. फ्री कमांडमध्ये रिकामी रॅम फक्त ३०० एमबी दिसते, कोण खातंय?

बहुतेक वेळा कोणीच नाही. रिकामी पडलेली रॅम वाया गेलेली असते म्हणून कर्नल तिच्यात वाचलेल्या फाइली ठेवतो, लागली तर लगेच सोडतो. फ्रीचा रकाना सोडा, अव्हेलेबलचा बघा, नवीन प्रोग्रॅम चालू केला तर स्वॅपला न जाता किती मिळेल याचा तो कर्नलने स्वतः काढलेला अंदाज असतो. कॅश रिकामा करायची स्क्रिप्ट दर तासाला चालवणारे लोक आहेत, कृपया बंद करा, त्याने फक्त पुढच्या वाचनाला वेळ जास्त लागतो.

९. ६ जीबी रॅम अव्हेलेबल दाखवतंय तरी १ जीबी स्वॅप वापरात आहे. काहीतरी गडबड आहे ना?

नाही. कधीतरी रॅमवर ताण आला होता, मोठी फाइल कॉपी केली असेल किंवा बॅकअप चालला असेल, तेव्हा निवांत पडलेली पेजेस बाहेर गेली. ताण संपला म्हणून कर्नल ती मुद्दाम परत आणत नाही, कोणी मागितली की आणेल, आणि कोणी मागत नाहीये म्हणजेच निवड बरोबर होती. शिवाय स्वॅपमधून परत आलेलं पेज बदललं नसेल तर त्याची स्वॅपमधली प्रतसुद्धा तशीच ठेवतात, पुन्हा बाहेर काढायची वेळ आली तर लिहायचा खर्च वाचतो. तो आकडा प्रॉक फोल्डरमधल्या मेमइन्फो फाइलमध्ये स्वॅप कॅश्ड नावाने दिसतो.

थोडक्यात किती स्वॅप भरलंय हा आकडा तब्येत सांगत नाही. ये-जा किती चाललीये ते बघायचं, त्यासाठी पुढचा प्रश्न.

१०. मग स्वॅपमुळेच त्रास होतोय हे ओळखायचं कसं?

टर्मिनलमध्ये व्हीएमस्टॅट आणि पुढे स्पेस देऊन १ लिहा, दर सेकंदाला एक ओळ येईल. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते. एसआय म्हणजे स्वॅपमधून आत किती येतंय आणि एसओ म्हणजे बाहेर किती जातंय. दोन्ही शून्य किंवा अधूनमधून एखादा आकडा, काही नाही. नुसता एसओ थोडा वेळ वाढून थांबला तरी ठीक, जुनी पेजेस बाहेर गेली. एसआय आणि एसओ दोन्ही कितीतरी वेळ हजारोंमध्ये आहेत, म्हणजे जे बाहेर टाकलं तेच लगेच परत लागतंय, हे थ्रॅशिंग.

ह्याहून चांगलं साधन म्हणजे पीएसआय (प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन, कामं किती वेळ अडकली त्याचं मोजमाप), कर्नल ४.२० मध्ये आलं. प्रॉक फोल्डरखाली प्रेशर, त्यात मेमरी नावाची फाइल, ती कॅटने वाचा. सम आणि फुल अशा दोन ओळी दिसतील, सम म्हणजे निदान एक तरी काम मेमरीसाठी किती टक्के वेळ अडकून होतं, फुल म्हणजे चालू असलेली सगळीच कामं एकदम किती टक्के वेळ अडकली, दोन्हींचे १०, ६० आणि ३०० सेकंदांचे आकडे. फुल सतत शून्याच्या आसपास असेल तर स्वॅप किती का भरेना, तुमच्या मशीनला मेमरीचा त्रास नाहीये. फुल वर गेला तर मात्र स्वॅप नसलं तरी त्रास आहे, प्रश्न ७ मधली परिस्थितीसुद्धा इथे पकडली जाते, जी व्हीएमस्टॅटच्या एसआय-एसओ मध्ये दिसत नाही.

११. स्वॅप किती ठेवायचं? रॅमच्या दुप्पट ना?

दुप्पटचा नियम रॅम एमबीत मोजायचे तेव्हाचा आहे. रेड हॅटच्या शिफारशीत २ जीबीपर्यंत रॅम असेल तरच दुप्पट, २ ते ८ असेल तर रॅमएवढं, त्याच्या वर किमान ४ जीबी. साध्या लॅपटॉपला ४ ते ८ जीबी पुष्कळ झालं. ६४ जीबी रॅमला १२८ जीबी स्वॅप लावू नका, कारण एखादा प्रोग्रॅम बिघडून मेमरी खात सुटला तर तो एवढं सगळं भरेपर्यंत मशीन गुडघ्यावर आलेलं असेल. हायबरनेट हवं असेल तर हिशोब वेगळा, प्रश्न १९.

१२. पार्टिशन चांगलं की फाइल?

वेगात आज फरक नाही. स्वॅपऑन (स्वॅप चालू करायची कमांड) करताना कर्नल फाइलचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत ते एकदाच शोधून ठेवतो आणि नंतर फाइलसिस्टीमला मध्ये न घेता थेट तिथे लिहितो. फाइलचा आकार नंतर बदलता येतो म्हणून मी फाइलच सुचवतो. डीडी कमांडने शून्यांनी भरलेली फाइल करा, परवानगी ६०० ठेवा म्हणजे रूटशिवाय कोणी वाचणार नाही, मग तिला स्वॅपसाठी तयार करायला एमकेस्वॅप, मग स्वॅपऑन, आणि रीबूटनंतर टिकायला एफस्टॅब या सेटिंग फाइलमध्ये ओळ.

फाइलमध्ये भोकं चालत नाहीत, म्हणजे नुसता आकार मोठा दाखवणारी स्पार्स फाइल स्वॅपऑन नाकारतो. बीटीआरएफएस या फाइलसिस्टीमवर कर्नल ५.० पासून स्वॅप फाइल चालते पण त्या फाइलवर कॉपी ऑन राइट (बदल जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिणं) आधीच बंद केलेलं लागतं, आणि स्वॅप चालू असेपर्यंत त्या सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घेता येत नाही.

१३. सगळीकडे स्वॅपीनेस १० करा असं लिहिलेलं असतं, करू का?

आधी ते काय आहे ते बघा. रॅम किती टक्के भरल्यावर स्वॅप सुरू होईल असा त्याचा अर्थ अजिबात नाही. साफसफाई करायची वेळ आलीच तर फाइलवाल्या पेजेसच्या तुलनेत अनॉनिमस पेजेस बाहेर काढणं किती महाग धरायचं, ते हा आकडा सांगतो. डिफॉल्ट ६०, कर्नल ५.८ पासून ० ते २००, आणि १०० म्हणजे दोन्हींचा खर्च सारखा. स्वॅप फाइलसिस्टीमपेक्षा दुप्पट वेगाने चालतं असं असेल तर १३३ च्या आसपास योग्य ठरतं, म्हणून झीरॅमवाले (प्रश्न १४) १०० च्या वर ठेवतात आणि ते बरोबर आहे.

फिरत्या हार्ड डिस्कवर स्वॅप असेल तर कमी करून बघायला हरकत नाही. एसएसडीवर १० करून तुम्ही कर्नलला फाइलवाली पेजेस आधी फेकायला सांगताय, म्हणजे प्रश्न ७ च्या दिशेने जाताय. बदलायचाच असेल तर आधी आणि नंतर पीएसआय बघून ठरवा. आणि ० म्हणजे स्वॅप बंद नव्हे, अगदी गळ्याशी आल्यावर कर्नल तरीही स्वॅप करतो.

१४. झीरॅम आणि झीस्वॅप एकच का? कुठलं घेऊ?

एक नाही. झीरॅम म्हणजे रॅममध्येच बनवलेलं स्वॅप डिव्हाइस, बाहेर काढलेली पेजेस दाबून लहान करून रॅममध्येच ठेवायची, डिस्कचा संबंध नाही. साध्या डेटावर २ ते ३ पट दाबलं जातं. फेडोराने ३३ पासून डेस्कटॉपला हेच डिफॉल्ट केलं, अँड्रॉइड फोनमध्येही हेच असतं. झीस्वॅप हे खऱ्या डिस्कवरच्या स्वॅपच्या पुढ्यात उभं असतं, आधी दाबून रॅममध्ये ठेवतं आणि तिथली मर्यादा भरली की सगळ्यात जुनं डिस्कवर ढकलतं.

४ किंवा ८ जीबीचा जुना लॅपटॉप, किंवा एसडी कार्डवर चालणारा रास्पबेरी पाय, सरळ झीरॅम घ्या, फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. एसएसडी असलेलं मशीन आणि हायबरनेटही हवंय, तर झीस्वॅप. दोन्ही एकदम लावू नका, दाबलेलंच पुन्हा दाबण्यात प्रोसेसर फुकट जातो.

१५. स्वॅपमुळे एसएसडी लवकर मरते का?

१ टीबीच्या घरगुती एसएसडीला ६०० टीबी लिखाणाचं रेटिंग सर्रास असतं. रोज २० जीबी स्वॅप लिहिलं, जे साध्या वापरात होत नाही, तरी ३०,००० दिवस, म्हणजे ८० वर्षांच्या वर. एसडी कार्ड आणि ईएमएमसीचं (स्वस्त लॅपटॉप-फोनमधलं बोर्डावरचं स्टोरेज) तसं नाही, तिथे काळजी रास्त आहे.

१६. माझा प्रोग्रॅम काही न सांगता मरतो, एक्झिट कोड १३७ येतो. काय आहे हे?

१३७ म्हणजे १२८ अधिक ९, नऊ नंबरच्या सिग्नलने मारला गेला, आणि कोणी हाताने मारला नसेल तर बहुधा ओओएम किलर. रॅम आणि स्वॅप दोन्ही संपलं आणि साफसफाईतून काहीच निघेना की कर्नल एका प्रोसेसचा बळी देतो. डीमेसगमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) आउट ऑफ मेमरी आणि पुढे मारलेल्या प्रोसेसचं नाव मिळेल.

निवड गुणांवर होते. प्रोसेसची रॅममधली पेजेस, स्वॅपमधली पेजेस आणि तिची पेज टेबलं यांची बेरीज, ज्याची सर्वांत जास्त तो जातो, मग चूक त्याची असो वा नसो. ओओएम स्कोअर ॲडजस्टमध्ये वजा १००० घातलं तर ती प्रोसेस पूर्ण सुरक्षित, अधिक १००० घातलं तर पहिला नंबर तिचा. डेटाबेसला वजा देण्यापेक्षा फालतू कामांना अधिक देणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

दोन अपवाद. कंटेनरमध्ये असाल तर मशीनवर रॅम भरपूर असूनही कंटेनरची स्वतःची मर्यादा संपली म्हणून मारलं जातं, लॉगमध्ये मेमरी सीग्रुप असा उल्लेख असतो (सीग्रुप म्हणजे प्रोसेसच्या गटावर मर्यादा घालायची कर्नलची सोय). आणि जावाचा आउट ऑफ मेमरी एरर ही निराळीच गोष्ट आहे, तिथे जेव्हीएमला (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रोसेसला) दिलेली हीप, म्हणजे डेटासाठीची मेमरी, संपलेली असते, कर्नलचा त्यात हात नाही.

१७. सर्व्हरवर स्वॅप बंदच ठेवा असं सीनियर सांगतात. कुबरनेटिस तर स्वॅप असेल तर चालूच होत नाही!

दोन्हींना कारण आहे, पण सरसकट नियम करू नका. जावावर चालणाऱ्या गोष्टी, उदाहरणार्थ इलॅस्टिकसर्च, यांना स्वॅपचं खरंच वावडं आहे, कारण न लागणारी मेमरी गोळा करणारा गार्बेज कलेक्टर अधूनमधून हीपभर फिरतो आणि बाहेर गेलेलं सगळं एकदम परत ओढतो, तेवढा वेळ सर्व्हर गप्प. तिथे हीप रॅममध्ये लॉक करायची सोय आहे, ती वापरा. कुबरनेटिस (अनेक मशीनवर कंटेनर सांभाळणारी सिस्टीम) मध्ये प्रत्येक मशीनवर चालणारा क्यूबलेट डिफॉल्टने स्वॅप दिसलं की सुरू व्हायला नकार देतो, कारण प्रत्येक पॉडला (कंटेनरच्या गटाला) किती मेमरी मिळेल हा हिशोब स्वॅपमुळे बिघडतो, पण २०२१ च्या १.२२ पासून स्वॅपचा सपोर्ट प्रायोगिक म्हणून यायला लागला. बाकी साध्या वेब सर्व्हरला किंवा पोस्टग्रेसला थोडं स्वॅप असलेलं बरं, आणि ज्या सर्व्हिसला ते नकोच आहे तिला एकटीला सीग्रुपमधून स्वॅप मॅक्स ० करता येतं, सगळ्या मशीनचं काढायची गरज नाही.

१८. परीक्षेत फिफो, एलआरयू, ऑप्टिमल विचारतात. लिनक्स यातलं कुठलं वापरतं? आणि बिलेडीची विसंगती समजतच नाही.

फ्रेम भरल्या की कुठलं पेज काढायचं याचे हे नियम: फिफो सगळ्यात आधी आलेलं काढतो, एलआरयू सगळ्यात जास्त वेळ न वापरलेलं, ऑप्टिमल सगळ्यात उशिरा लागणारं. आधी विसंगती, म्हणजे फ्रेम वाढवूनही फॉल्ट वाढणं. पेजेस या क्रमाने मागा: १ २ ३ ४ १ २ ५ १ २ ३ ४ ५. फिफो आणि ३ फ्रेम घेऊन कागदावर करा, पहिले सात सगळे फॉल्ट, मग १ आणि २ सापडतात, मग ३ आणि ४ फॉल्ट, ५ सापडतं, एकूण ९. आता ४ फ्रेम द्या. पहिले चार फॉल्ट, १ आणि २ सापडतात, आणि मग ५ आत यायला १ ला काढतं, पुढची मागणी नेमकी १ ची, ते २ ला काढतं, पुढची मागणी २ ची, असं शेवटपर्यंत चुकत जातं, एकूण १०. फ्रेम वाढवून फॉल्ट वाढले. एलआरयूमध्ये असं होत नाही कारण ४ फ्रेममध्ये जे असतं त्यात ३ फ्रेमवालं सगळं असतंच.

लिनक्स खरं एलआरयू वापरत नाही, प्रत्येक वाचनाची वेळ नोंदवणं परवडणारच नाही. पेज वापरलं की हार्डवेअर टेबलातल्या नोंदीत एक बिट लावतं, कर्नल अधूनमधून येऊन तो बघतो आणि पुसतो, पुढच्या वेळी बिट परत लागलेला दिसला तर पेज वापरात आहे. ह्यावरून ॲक्टिव्ह आणि इनॲक्टिव्ह अशा दोन याद्या चालवल्या जातात. कर्नल ६.१ पासून एमजीएलआरयू हा पर्याय आहे, त्यात दोनाऐवजी जास्त पिढ्या असतात, त्यामुळे थंड पेज जास्त अचूक सापडतं. व्हायवात वर्किंग सेट (प्रोसेसला सध्या लागणारी पेजेस) ही कल्पना कोणाची विचारलं तर पीटर डेनिंग, १९६८.

१९. हायबरनेटसाठी किती स्वॅप लागतं? झीरॅमवर होईल का?

झीरॅमवर नाही, लाइट गेली की तेच गेलं. डिस्कवरचं स्वॅप हवं. कर्नल रॅमची इमेज दाबून लिहितो आणि ती रॅमच्या पाचातल्या दोन भागांएवढी ठेवायचा प्रयत्न करतो, पण रॅम गच्च भरलेली असताना अडायला नको म्हणून रॅमएवढं स्वॅप ठेवा. स्वॅप फाइल वापरत असाल तर बूट पॅरामीटरमध्ये त्या फाइलची डिस्कवरची सुरुवात पण द्यायला लागते. आणि सगळं बरोबर करूनही होत नसेल तर सिक्युअर बूट बघा, कर्नल लॉकडाउनमध्ये असेल तर हायबरनेट बंद असतं.

२०. माझे पासवर्ड स्वॅपमध्ये जाऊ शकतात का?

हो, आणि लॅपटॉप चोरीला गेला तर डिस्कवरून वाचताही येतील. पासवर्ड सांभाळणारे चांगले प्रोग्रॅम एमलॉक वापरून ती पेजेस रॅममध्येच अडकवतात, पण सगळेच नाही. हायबरनेटच्या वेळी तर एमलॉकचाही उपयोग नाही, अख्खी रॅमच डिस्कवर जाते. उपाय सरळ आहे, स्वॅप एन्क्रिप्ट करा. हायबरनेट नको असेल तर दर बूटला नवी किल्ली बनवून लावता येते, जुनं सगळं आपोआप निरुपयोगी होतं. कर्नलची स्वतःची मेमरी, पेज टेबलं वगैरे, लिनक्समध्ये स्वॅपला जात नाही. टीएमपीएफएस या रॅममध्ये राहणाऱ्या फाइलसिस्टीममधल्या फाइली मात्र जातात, टेम्प फोल्डर रॅममध्ये आहे म्हणून डिस्कवर काही उमटणार नाही असं धरून चालू नका.

२१. स्वॅपऑफ केलं आणि कमांड कितीतरी वेळ संपेचना, मध्येच थांबवू का?

स्वॅपऑफ (स्वॅप बंद करायची कमांड) कंट्रोल सी ने थांबवता येतं, डेटा जात नाही, स्वॅप परत चालू राहतं. वेळ लागतो कारण स्वॅपमधली जागा कुठल्या प्रोसेसची आहे याची उलटी नोंद कर्नल ठेवत नाही, त्याला एकेका प्रोसेसची पेज टेबलं चाळून स्वॅपच्या नोंदी शोधायला लागतात आणि पेजेस परत आणायला लागतात. तेवढी रॅम हाताशी आहे ना ते बघायला आधी फ्रीमध्ये अव्हेलेबल बघा, भरलेल्या स्वॅपपेक्षा ते कमी असेल तर स्वॅपऑफ करूच नका, अपयशी होईल नाहीतर ओओएम किलर जागा होईल.

२२. डीमेसगमध्ये एलवनटीएफमुळे स्वॅपची मर्यादा कमी केल्याचा संदेश आहे. हे काय नवीन?

एलवनटीएफ हा ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झालेला इंटेल प्रोसेसरचा दोष. पेज स्वॅपला गेलं की त्याच्या टेबलातल्या नोंदीत हजर नाही असं लिहिलेलं असतं आणि उरलेल्या बिटांत कर्नल स्वॅपमधली जागा लिहून ठेवतो. दोष असा की प्रोसेसर पुढचा अंदाज बांधताना हजर नाही हे न जुमानता ते बिट खरा रॅमचा पत्ता समजून एल१ कॅशमध्ये डोकावायचा, म्हणजे दुसऱ्याचा डेटा फुटायची शक्यता. लिनक्सने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो, स्वॅपच्या जागेचे बिट उलटे करून लिहायचे. त्यामुळे तो आकडा इतका मोठा होतो की त्या पत्त्यावर रॅम असतच नाही, डोकावलं तरी हाती काही लागत नाही. स्वॅप अवाढव्य झालं तर उलटा आकडा परत खऱ्या रॅमच्या हद्दीत येईल, म्हणून एका स्वॅपच्या आकारावर कमाल मर्यादा घातली. ती टीबींमध्ये असते, घरच्या मशीनवर हा संदेश दिसला तर तसाच सोडून द्या.